तंजावरचीं नैवेद्यशासनें व त्यांचे वाचक

(१)

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरांत जाणारा महाराष्ट्रीय संशोधक बहुधा एकाच लेखाच्या ओढीनें जातो. दुसऱ्या सरफोजी महाराजांनीं इ. स. १८०३ मध्यें तेथील प्राकाराच्या भिंतीवर कोरविलेला भोसले कुळाचा मराठी इतिहास हा तो लेख होय. व्यंकोजी राजांनीं सतराव्या शतकाच्या शेवटच्या चरणांत तेथें राज्य स्थापिल्यापासून १८५५ पर्यंत त्या नगरीशीं मराठ्यांचा संबंध राहिला. तेव्हां त्या लेखाविषयीं आपणांस आस्था असावी हें स्वाभाविकच आहे. परंतु त्याच मंदिराच्या विमानाच्या अधिष्ठानावर व भोंवतालच्या ओवऱ्यांत मराठी लेखाहून आठशें वर्षांनीं जुने असे तमिळ लेख आहेत. त्यांत वंशावळीपेक्षां भात, तूप, दहीं, केळीं, मिरीं, जिरें, मीठ, पान व सुपारी यांच्या हिशोबाला अधिक जागा मिळाली आहे. या लेखांना आम्ही सोईसाठीं ‘नैवेद्यशासनें’ असें म्हणतों.

हीं शासनें अज्ञात नाहींत. डॉ. हुल्ट्श यांनीं ‘दक्षिण भारतीय शिलालेख’ या मालेच्या दुसऱ्या खंडांत १८९१ पासून भागशः तीं प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, व पुढें व्यंकय्या व कृष्णशास्त्री यांनीं तें काम पुरें केलें. त्यानंतर त्यांवर पुष्कळ लिहिलें गेलें. प्रस्तुत लेखाचा हेतु नवा लेख उजेडांत आणण्याचा नाहीं. प्रसिद्ध झालेले लेख आजवर कसे वाचले गेले, त्या वाचनांत काय राहून गेलें, व तें राहून गेल्यामुळें आपल्या इकडील कागदांचीही कशी हानि होत आहे, एवढाच विचार येथें करावयाचा आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, नैवेद्याची यादी ही दानपत्राची शोभा नसून सर्व व्यवहाराचें मूळ आहे. आणि ती यादी शब्द व अंक हीं दोन्ही एकत्र ठेवून वाचल्यावांचून तिचा अर्थ लागत नाहीं.

(२)

प्रथम लेखांचें स्वरूप सांगतों. पहिला राजराज चोळ (राज्यकाल ९८५ ते १०१४) याच्या कारकीर्दीच्या पंचविसाव्या वर्षीं, म्हणजे १०१० च्या सुमारास, विमानावर तांब्याचा कलश चढला. पुढील राज्यवर्षीं राजानें आज्ञा केली कीं, आपण, आपली वडील बहीण, आपल्या राण्या व इतर दाते यांनीं या देवास जें दिलें तें विमानाच्या दगडावर कोरावें. ही वडील बहीण म्हणजे कुंदवै. तिनें धातूच्या मूर्ति करवून स्थापिल्या, त्यांस अलंकार दिले, व त्यांच्या नित्यपूजेसाठीं रोकड मुद्दल नेमून दिलें.

हें मुद्दल देवळाच्या पेटींत पडून राहत नसे. तें निरनिराळ्या गांवांच्या सभांस व्याजीं दिलें जाई, आणि त्या गांवानें ठरलेलें व्याज दरवर्षीं देवळांत पोंचवावें असा करार दगडावर कोरला जाई. नाण्याचें नांव ‘काशु’. व्याजाचा दर दर काशूस दरसाल एक अष्टमांश काशु, म्हणजे शेंकडा साडेबारा. व्याज भाताच्या रूपानें द्यावयाचें असेल तेथें दर काशूस तीन कुरुणि भात. आठ नाळींची एक कुरुणि व बारा कुरुणींचें एक कलम्, असें मापाचें कोष्टक आहे. नाळीच्या खालीं उरि, उळक्कु, आळाक्कु व शेविडु अशीं उतरतीं मापें येतात. तूप व मसाला यांच्या नोंदी या लहान मापांनीं होतात.

माप कोणतें धरावयाचें याविषयीं संशय राहूं नये म्हणून लेख स्वतःच सांगतात कीं, भात ‘आडवल्लान्’ नांवाच्या मापानें मोजावा, व तें माप ‘राजकेसरी’ या मापाबरोबर आहे. राजकेसरी हें राजबिरुद, व आडवल्लान् म्हणजे नृत्यनिपुण, अर्थात् नटराज शिव. देवाच्या नांवाचें माप राजाच्या मापाशीं पडताळून दिलें आहे. ज्या समाजानें देवाच्या जेवणाचें मापही असें बांधून दिलें, त्याच्या याद्या सहज म्हणून वाचून सोडून देण्याजोग्या खास नाहींत.

(३)

आतां वाचकांकडे वळूं. पहिले वाचक म्हणजे संपादक व भाषांतरकार. डॉ. हुल्ट्श यांचे उपकार मोठे आहेत. पाठ, अंक व मापें यांविषयीं त्यांची दक्षता आजही अनुकरणीय आहे. परंतु केवळ भाषांतरावर विसंबणाऱ्यास एक गोष्ट मुळींच दिसत नाहीं. मूळ तमिळांत नैवेद्याच्या पदार्थांचीं नांवें बाजारांतील नांवें नाहींत. भातास ‘तिरुवमुदु’, भाजीस ‘करियमुदु’, तुपास ‘नेय्यमुदु’, दह्यास ‘तयिरमुदु’, सुपारीस ‘अडैक्कायमुदु’ व विड्याच्या पानास ‘इलैयमुदु’ अशीं तीं पदें आहेत. प्रत्येकाच्या शेवटीं येणारा ‘अमुदु’ हा आपला ‘अमृत’ शब्दच होय. भाषांतरांत भात, भाजी, तूप, दहीं, सुपारी व पान एवढेंच उरतें, आणि वाचकास ती वाण्याच्या दुकानची याद वाटूं लागते.

संस्कृत जाणणाऱ्यास येथें एक विचार सुचेल. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायाच्या शेवटीं ‘विघस’ व ‘अमृत’ यांचा भेद सांगितला आहे: भोजन करून उरलेलें तें विघस, व यज्ञ होऊन उरलेलें तें अमृत. तेव्हां तमिळ ‘अमुदु’ म्हणजे यज्ञशेष, पर्यायानें प्रसाद, असें कोणी म्हणूं लागेल. तें बरोबर नाहीं. या लेखांत हा शब्द पदार्थ देवास अर्पण होण्यापूर्वींच, खर्चाच्या बेरजेंतच लागतो. सुपारी गांवाहून यावयाची आहे, तरी ती ‘अमुदु’ झाली आहे. म्हणजे येथें अमृतत्व अर्पणानें येत नाहीं. ज्या कामासाठीं वस्तु नेमली त्या नेमणुकीनें येतें. स्मृतिग्रंथांतील शब्द व शासनांतील शब्द मूळचे एक असले तरी त्यांचें प्रयोजन निराळें आहे, हें ध्यानीं ठेवल्यास पुष्कळ घोटाळे टळतील. शब्दाची व्युत्पत्ति सांपडली म्हणजे अर्थ सांपडला असें मानण्याची आम्हां संस्कृतज्ञांची जी संवय आहे, तिला असे शिलालेख हेंच औषध होय.

(४)

दुसरे वाचक भक्तिपर लेखक. त्यांस या याद्यांत राजाची व राजभगिनीची उदार श्रद्धा दिसते. श्रद्धा होती यांत शंका नाहीं. पण ‘विपुल नैवेद्य’, ‘अपार दान’ अशीं विशेषणें लावून हे लेखक जेथें थांबतात, तेथेंच खरें वाचन सुरू व्हावयास पाहिजे. या लेखांत अपार असें कांहींच नाहीं. सर्व मोजलेलें आहे.

एक उदाहरण करून पाहूं. एका मूर्तीच्या नित्य नैवेद्यास चार नाळि जुना तांदूळ लागतो असें धरा. तांदूळ जुना असावा असें शासनें आवर्जून सांगतात. जुन्या तांदळाचा भात मोकळा होतो व वाढतो, हें आपल्याकडील कोणतीही गृहिणी सांगेल. भात कांडून तांदूळ करण्याचें प्रमाण लेखांत पांचास दोन असें दिलें आहे. त्या प्रमाणानें चार नाळि तांदळास दहा नाळि, म्हणजे एक कुरुणि दोन नाळि भात रोज लागेल. वर्षाचे ३६० दिवस धरल्यास ३६०० नाळि, म्हणजे ४५० कुरुणि, म्हणजे ३७ कलम् ६ कुरुणि भात झाला. दर काशूस तीन कुरुणि व्याज या दरानें एवढा भात दरसाल मिळावयाचा तर मुद्दल १५० काशु पाहिजे. भाजी, तूप, दहीं, पान व सुपारी यांचा हिशोब याच रीतीनें निराळा करावयाचा.

याच अंकांवरून दुसरा एक पडताळाही घेतां येतो. एका काशूस दोन कलम्, म्हणजे २४ कुरुणि भात, असा या लेखांतील भाव आहे. चोवीस कुरुणींचा अष्टमांश तीन कुरुणि. म्हणजे रोकड व्याजाचा दर व भातरूप व्याजाचा दर तंतोतंत जुळतात. एवढी जुळणी अपघातानें होत नाहीं. हिशोब करणारा कोणी जाणता लेखक या दानांमागें उभा आहे.

या आंकडेमोडीवरून जें दिसतें तें महत्त्वाचें आहे. दात्यानें आधीं एक मोठी रक्कम दिली व मग तींतून देवास जेवूं घातलें, असा क्रम येथें नाहीं. आधीं देवाचें पान ठरलें. पानावरून रोजचा भात ठरला. भातावरून वर्षाचें व्याज ठरलें. व्याजावरून मुद्दल ठरलें. आणि मुद्दलावरून तें घेणारीं गांवें ठरलीं. नैवेद्याची यादी काढून टाकली तर उरलेल्या सर्व अंकांस आधारच राहत नाहीं. म्हणून ज्या ग्रंथांत ‘येथें नैवेद्याच्या पदार्थांची लांब यादी आहे’ असें म्हणून ती गाळली जाते, त्यांत दानपत्राचा पायाच गाळला जातो.

चोळकालीन दीपशासनांतही हेंच तत्त्व दिसतें. एका नंदादीपास रोज एक उळक्कु तूप लागतें. त्यासाठीं ९६ मेंढ्या, किंवा ४८ गाई, किंवा १६ म्हशी धनगर-गवळ्यांच्या हवालीं करावयाच्या. अशा मेंढ्यांस तमिळ लेख ‘न मरणाऱ्या व न म्हाताऱ्या होणाऱ्या’ असें विशेषण लावतात. मेंढी मरते हें धनगरास ठाऊकच होतें. कळपाची संख्या मात्र मरूं द्यावयाची नाहीं, असा त्या विशेषणाचा भावार्थ. चंद्रसूर्य असेतोंवर चालावयाचें हें दान ज्या व्यवस्थेनें चालतें, ती व्यवस्था इतक्या साध्या शब्दांत क्वचितच सांगितली गेली असेल.

(५)

तिसरे वाचक अर्थशास्त्रीय इतिहासकार. १९३५ ते १९३७ या काळांत निघालेल्या चोळांच्या इतिहासांत नीलकंठ शास्त्री यांनीं देऊळ हें जमीनदार, धनको, ग्राहक व पोशिंदा कसें होतें हें दाखविलें. १९६० मध्यें बर्टन स्टाइन यांनीं तिरुमलै-तिरुपतीच्या लेखांवरून सिद्ध केलें कीं, नैवेद्यासाठीं आलेलें द्रव्य देवस्थानाच्या गांवांत तळीं व कालवे काढण्यांत घातलें जाई, व वाढलेल्या पिकांतून नैवेद्य चाले. १९६८ मध्यें जॉर्ज स्पेन्सर यांनीं तंजावरच्या कर्जव्यवहाराची व पशुदानांची निराळी छाननी केली. या तिघांच्या परिश्रमामुळें भक्तिपर लेखनांतील मोघमपणा पुष्कळ कमी झाला, हें कृतज्ञतेनें सांगितलें पाहिजे.

तथापि या पद्धतींतही एक उणीव आहे. तिच्या दृष्टीनें नैवेद्य हा खर्चाचा एक बाब होय. त्या जागीं दुसरा कोणताही खर्च असता तरी हिशोब तोच राहिला असता. मग तो नैवेद्यच कां, व घेणारा कोण, हा प्रश्न पडत नाहीं. हा प्रश्न आमच्या शास्त्रकारांस मात्र फार पूर्वींच पडला होता. पूर्वमीमांसेच्या नवव्या अध्यायाच्या पहिल्या पादांतील देवताधिकरणांत शबरस्वामींनीं त्याचा कीस काढला आहे. पूर्वपक्षी म्हणतो: देवता जेवते, भुंगा फुलांतील रस घेतो तशी ती अन्नाचा रस घेते, म्हणूनच अर्पण केलेलें अन्न नीरस लागतें. शबरस्वामींचें उत्तर असें कीं, अन्न नीरस लागतें तें वारा लागून थंड झाल्यामुळें. पुढें ते म्हणतात कीं, ‘देवाचें गांव’, ‘देवाचें शेत’ हे नुसते बोलण्याचे प्रकार आहेत. कारण जो आपल्या इच्छेनें वस्तूचा विनियोग करतो तोच तिचा धनी, व देवता तसा विनियोग करीत नाहीं. त्या उत्पन्नावर देवाच्या सेवकांचा निर्वाह चालतो, एवढेंच खरें.

हें मत मान्य केलें तर तंजावरच्या करारांत धनको कोण, हा पेंच उभा राहतो. शासनांनीं तो मोठ्या युक्तीनें सोडविला आहे. गांवच्या सभेनें मुद्दल घेतलें तें साक्षात् महादेवाकडून नव्हे. देवाचा आदिदास जो चंडेश्वर, त्याच्या हातून घेतलें असें लेख म्हणतात. अर्थेतिहासकार या चंडेश्वरास देवळाच्या कारभाऱ्याचें टोपणनांव समजून पुढें जातात. परंतु शैव ग्रंथांत चंडाचें मुख्य काम निराळें सांगितलें आहे. शिवाच्या निर्माल्यावर व नैवेद्यशेषावर त्याचा अधिकार असतो. शिवपुराणाच्या विद्येश्वरसंहितेंत जेथें चंडाचा अधिकार आहे तेथें मनुष्यानें नैवेद्य भक्षूं नये, व बाणलिंगादि ज्या लिंगांस तो अधिकार नाहीं तेथें भक्षावा, अशी व्यवस्था लावली आहे. आगमग्रंथांतील या देवतेचें रूप डॉमिनिक गुडॉल यांनीं २००९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या निबंधांत बारकाईनें तपासलें आहे. जिज्ञासूंनीं तो अवश्य पाहावा.

शिलालेख व शास्त्रग्रंथ हे दोन्ही समोर ठेवले म्हणजे आमच्या मतें असें अनुमान निघतें. शिवास अर्पण झालेलें मनुष्यास थेट घेतां येत नाहीं. तें चंडाचें होतें. शिवास दिलेलें द्रव्यही मनुष्यास थेट व्याजीं घेतां येत नाहीं. तें चंडाकडून घ्यावें लागतें. पानांतील शेष व पेटींतील मुद्दल यांस एकच नियम लागला आहे. चंडेश्वर हा हिशोबनीस झाला, कारण तो आधीं निर्माल्याचा अधिकारी होता. अंक तेवढे वाचणाऱ्यास हा दुवा दिसणार नाहीं, व पोथी तेवढी वाचणाऱ्यासही दिसणार नाहीं.

याच्या उलट तिरुमलैचे वैष्णव लेख पाहावे. विष्णूच्या नैवेद्यास असा प्रतिबंध नाहीं. तेथें अर्पणानंतर प्रसादाची वांटणी होते, व देणाऱ्याचा चौथा हिस्सा शासनांतच नेमून दिलेला असतो. तो हिस्सा दाता स्वतः घेई, किंवा एखाद्या मठास वा यात्रेकरूंस जेवूं घालणाऱ्या रामानुजकूटास लावून देई. म्हणजे वैष्णव शासनांत प्रसादाच्या हिश्शाला स्वतंत्र मोल आलें. तंजावर व तिरुमलै या दोन्ही ठिकाणांस ‘देवळाची अर्थव्यवस्था’ असें एकच नांव देऊन हा भेद पुसून टाकणें योग्य नव्हे.

हा वाद केवळ पांडित्याचा नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें १९५४ सालीं शिरूर मठाच्या निकालांत म्हटलें कीं, ठराविक वेळीं देवास अन्न अर्पण करणें हें संप्रदायाच्या नियमानुसार धर्माचें अंग ठरूं शकतें, व त्यांत पैसा आणि बाजारी वस्तु खर्च होतात एवढ्यावरून तें लौकिक होत नाहीं. मात्र खर्चाचें प्रमाण किती असावें हा कारभाराचा विषय होय. राजराजाच्या शासनांत प्रमाण व विधि यांची अशी फारकत केलेली आढळत नाहीं. चार नाळि हा अंकच तेथें विधीचा भाग आहे. आधुनिक व्यवस्थेस फारकत आवश्यक असेल. परंतु ती आजची आहे, अकराव्या शतकाची नव्हे, हें इतिहास लिहिणाऱ्यानें विसरूं नये.

(६)

आतां आपल्या घराकडे पाहूं. महाराष्ट्रांतील देवस्थानांच्या सनदांत ‘पूजा, नैवेद्य, नंदादीप’ या कारणानें गांव किंवा जमीन इनाम दिल्याचे उल्लेख पदोपदीं येतात. शिवालयांतील नैवेद्यावर गुरवाचा हक्क हाही सर्वांस परिचित आहे. शैव निर्माल्याची जी व्यवस्था वर सांगितली, तिच्याशीं तो ताडून पाहण्याजोगा आहे. १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशनानें चौकशी आरंभिली, तेव्हां हक्काचा पुरावा म्हणून सनदांस फार महत्त्व आलें. त्याची छाया आपल्या संग्रहांवर अद्यापि आहे. शिक्क्यामोर्तबाची सनद जपली जाते. तिच्याबरोबर आलेल्या मोडी रोजकीर्दी, कोठीचे जमाखर्च व नेमणुकीच्या यादी मात्र ‘किरकोळ’ म्हणून बाजूस पडतात व वाळवीच्या स्वाधीन होतात.

पण वरील विवेचनावरून दिसेल कीं सनद फक्त एवढेंच सांगते: नैवेद्यासाठीं गांव दिला. तो नैवेद्य केवढा, कोणत्या मापाचा, तांदूळ जुना कीं नवा, तूप कोठून यावयाचें, शेष कोणाकडे जावयाचें, आणि उत्पन्न घटल्यावर पानांतून प्रथम काय गेलें, हें रोजकीर्दच सांगूं शकेल. तंजावरकरांनीं ती माहिती दगडावर कोरली म्हणून वांचली. आपल्याकडे ती कागदावर आहे, व कागदास ‘न मरणारा’ हें विशेषण कोणी लावलेलें नाहीं.

याकरितां संग्राहकांस तीन विनंत्या कराव्याशा वाटतात. देवस्थानाचें दप्तर हातीं आल्यास सनद व हिशोब यांची ताटातूट करूं नये. दोन्ही एकाच रुमालांत ठेवावे. यादीची नक्कल करतांना पदार्थाचें नांव जसें लिहिलें असेल तसेंच उतरावें, ‘भात-भाजी इत्यादि’ असें लिहून संक्षेप करूं नये. कारण ‘अमुदु’सारखा शब्द त्या ‘इत्यादीं’तच नाहींसा होतो. आणि मापें आजच्या तोलांत रूपांतरित करून देतांना मूळ माप व त्याचें स्थानिक नांव शेजारीं अवश्य द्यावें.

तंजावरच्या सरस्वतीमहाल ग्रंथालयांत सरफोजी महाराजांच्या काळचें ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हें मराठी पुस्तक आहे. राजाच्या मुदपाकखान्यांत पदार्थ कसे करीत हें तें सांगतें. देवाच्या मुदपाकखान्यांत किती शिजे, कोणाच्या शेतांतून येई व कोणाच्या ओंजळींत जाई, हें सांगणारें पुस्तक कोणी लिहिलें नाहीं. तें दगडांवर व जमाखर्चांत विखुरलें आहे. १८०३ च्या लेखासाठीं तंजावरास जाणाऱ्या आपल्या अभ्यासकांनीं भोसल्यांचा इतिहास उतरून घेतल्यावर चार पावलें पुढें होऊन विमानाच्या पायाशीं कोरलेला तो भाताचा हिशोबही पाहावा. मग आपल्या गांवच्या देवळाची रोजकीर्द हातीं आल्यास ती रद्दींत टाकवणार नाहीं.